खिळ्यावरचा बिल्ला

कारेलीबाग, बडोदे
१९ जानेवारी २०२५

अवंती,

आशीर्वाद आधी लिहून टाकतो. ते तुला पार्सलने परत पाठवता येणार नाहीत.

तंबू परत मिळाला. त्याच्या पिशवीला टाचलेली चिठ्ठीही मिळाली. गेल्या मेनंतर तू मला लिहिलेले हे पहिले शब्द : "साडेतीन किलो. नको." एवढ्यासाठी तिकडे कुमाऊंतल्या मुनस्यारीच्या पोस्टमास्तरांना कशाला त्रास दिलास? तुझी आई म्हणते, "लिहिलं तरी ने! गोड मानून घ्या." मी मानत नाही. दोन थरांचा, ॲल्युमिनियमच्या काड्यांचा, सोसाट्याच्या वाऱ्यातही उभा राहणारा तंबू होता तो. दुकानदार म्हणाला होता, काका, यात हत्ती झोपेल. तुला तो हत्तीएवढा जड वाटेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मला काही सांगायचं नाही असं तुम्ही मायलेकींनी ठरवलेलं दिसतं. पण आपलं घर लहान आहे आणि तुझी आई फोनवर मोठ्याने बोलते. मे महिन्यात तू एकटी त्या खिंडीपलीकडे जाऊन वाट तपासून येणार, आणि पावसाळा संपला की स्वतःच्या हिमतीवर लोकांना तिथे नेणार, हे मला कळलं आहे. छान आहे. दुसऱ्याच्या ट्रेकिंग कंपनीत राबण्यापेक्षा केव्हाही छान.

आता तू म्हणशील, ती कंपनी सुटली कुणामुळे? म्हण. गेल्या मेच्या त्या ट्रेकला, संध्याकाळी खाली उतरले की फोन करते, असं तू म्हणाली होतीस. फोन आला नाही. मी पोलीस कंट्रोल रूमला कळवलं, जिल्ह्याच्या आपत्ती कचेरीला कळवलं, तुझ्या साहेबाला उठवलं आणि तुझ्याबरोबरच्या पोरांच्या आईबापांनाही उठवलं. तुम्ही मात्र ओढ्याला पाणी वाढलं म्हणून अलीकडेच मुक्काम करून, खिचडी खाऊन झोपला होतात. मला ते बडोद्यात बसून कसं कळावं? सकाळी तुम्ही हसतखेळत खाली आलात तर समोर पोलिसांची गाडी आणि रडणारे पालक. कंपनीने तुझं नाव कमी केलं आणि तू माझं. पण रिफायनरीच्या सेफ्टी खात्यात जन्म काढलेल्या माणसाकडून तुला दुसरी कसली अपेक्षा होती?

जाऊ दे. भांडायला लिहीत नाही. तंबू नको, तर झोपणार कशात, एवढं कळव.

बाबा


९ फेब्रुवारी

अवंती,

"तार्प. चालायच्या काठ्यांवर ताणून. चारशे ग्रॅम." तुझी चिठ्ठी या वेळी जरा लांबली, प्रगती आहे.

पण बाई, याला कापड म्हणतात. चारी बाजूंनी वारा यायला मोकळं असं कापड. तुझ्या आईला फोनवर त्याचं चित्र दाखवलं तर ती म्हणाली, मांडव आहे हा, फक्त वऱ्हाडी नाहीत. तरी मी ठरवलं, न वापरता नावं ठेवायची नाहीत. तसलंच एक मागवलं आणि रविवारी आपल्या गच्चीवर ताणायला घेतलं. काठ्या म्हणून जाळी काढायच्या झाडूचे दोन दांडे. दोरी काही पार्सलमध्ये निघाली नाही. पतंगांची उत्तरायण नुकतीच झालेली, माळ्यावर फिरकी पडलेली, तिच्यावर पुष्कळ दोर शिल्लक. मी म्हटलं, याच्याहून हलकी आणि चिवट दोरी कुठे मिळणार! हलकं सामान हलकं सामान म्हणून ही मुलं जे करतात, ते आपल्याला घरबसल्या जमलं.

टाकीच्या पाइपांना आणि कठड्याला बांधून झकास ताणलं. वरच्या मजल्यावरचे हार्दिकभाई आले. "काका, उत्तरायण तो पती गई. हवे आ शुं चगावो छो?" मी म्हटलं, पतंग नाही, हे घर आहे, आत येऊन बसा. ते खरंच आत येऊन मांडी घालून बसले. तेवढ्यात वारा सुटला.

तू आता हसत असशील. मांजाला काच लावलेली असते ती दुसऱ्याची दोरी कापायला, हे मला वयाच्या पाचव्या वर्षापासून माहीत आहे. कापड जसजसं फडफडलं, तसतशी त्या काचेने कापडाचेच बंद एकामागून एक कापले. तार्प आमच्या डोक्यावरून उडालं ते थेट शेजारच्या सोसायटीच्या आसोपालवाच्या झाडावर. हार्दिकभाई सवयीने ओरडले, "काप्यो छे!" आणि आजूबाजूच्या चार गच्च्यांवरून लोकांनी साथ दिली. साऱ्या हिंदुस्थानात ही चूक फक्त बडोद्याचा माणूस करू शकतो.

झाडावरून कापड उतरवलं. तुझ्या आईने मशीनवर नवे बंद घालून दिले, दुहेरी शिलाईचे. मग मी गिर्यारोहणाची खरी दोरी आणली, गाठी शिकलो, आणि तीन-चार वेळा गच्चीवर त्याच्याखाली झोपून पाहिलं. झोपायच्या पिशवीवर चढवायची ती पाणी न लागणारी खोळही मागवली होती. सकाळी आतून ओली. पाऊस नव्हता, माझाच श्वास होता. तोंडाशी चेन थोडी उघडी ठेवत जा.

आणि हे पुन्हा म्हणणार नाही, म्हणून नीट वाच. वारा येतो ती बाजू जमिनीला टेकवून बांधली, तर तुझं हे कापड वाईट नाही. उजाडताना डोळे उघडले की पाखरं थेट दिसतात. तंबूत मला कोंडल्यासारखं झालं असतं.

बाबा


६ मार्च

अवंती,

मी पाठवलेलं खोकं परत आलं. बरंचसं भरलेलंच. दोन मोठ्या विजेऱ्या परत, हेल्मेट परत, मोठी औषधपेटी परत. छोटा अग्निशामक पोस्टाने घेतला नाही म्हणून वाचला, नाहीतर तोही फिरून आला असता. शिट्टी ठेवलीस, चंदेरी पातळ ब्लँकेट ठेवलंस आणि दोरी ठेवलीस. गूळ-तुपाच्या सुखडीचा डबा रिकामा आला, हे तुझ्या आईने सर्वांत आधी पाहिलं आणि दिवसभर गुणगुणत होती.

शिट्टी प्लास्टिकची मुद्दाम घेतली आहे. थंडीत धातूची ओठांना चिकटते. इथे वाजवून पाहिली तर वॉचमन काठी घेऊन धावत आला, त्यावरून आवाज पोचतो असं समज.

आता चिठ्ठीबद्दल. "बाबा, प्रश्न सामानाचा नाही. त्या दिवशी तुम्ही टाकीत उडी मारलीत."

हे वाक्य वाचून मला राग आला. खूप आला. चहा तसाच ठेवून कमाटीबागेत जाऊन आलो. राग आला कारण ते वाक्य माझंच आहे. तू शाळेत असताना मला रिफायनरीतल्या गोष्टी सांगायला लावायचीस आणि मी नेहमी हीच सांगायचो. तेलाची मोठी टाकी साफ करायला माणूस आत उतरतो. तोंडाशी एक जण बसतो, बाहेरचा माणूस. त्याला काम काही नाही. आत जायचं नाही, जागा सोडायची नाही, ठरल्या ठरल्या वेळी हाक मारायची. हाकेला ओ आली नाही तरच घंटा. का? तर आतला माणूस गुदमरला असं वाटून बाहेरचा घाबरून मागे उडी टाकतो आणि मग दोन मरतात. टाकीने मारलेल्या माणसांत वाचवायला गेलेलेच फार. नव्या पोरांना मी बजावायचो, घाबरणं हा गुन्हा नाही, पण घाबरून उडी मारायची नाही.

तू तेव्हा फ्रॉकमध्ये होतीस. एवढं लक्षात ठेवशील असं वाटलं नव्हतं.

उत्तर सुचत नाही. सुचलं की लिहीन.

बाबा


२६ मार्च

अवंती,

सुचलं.

आधी एक तक्रार. बाहेरच्या माणसाला आत कोण गेलं, किती वेळाकरता गेलं आणि घंटा कधी वाजवायची, हे लिहून दिलेलं असतं. साहेबाची सही असते. मला तू काय दिलं होतंस? "संध्याकाळी फोन करते." संध्याकाळ म्हणजे किती वाजता? नाही आला तर काय करायचं? ते ठरलंच नव्हतं. उडी मी मारली, कबूल. पण मला टाकीच्या तोंडाशी कुणी बसवलंच नव्हतं, मी आपला गर्दीत उभा होतो.

म्हणून आता म्हणतो, मला बसव.

उपग्रहावरून निरोप धाडायचं ते यंत्र आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाही, चौकशी केली. खिंडीच्या वरच्या अंगाला मोबाइल चालत नाही, हे तूच आईला सांगितलंस. शिट्टी ऐकायला कुणीतरी जवळ हवं. ब्लँकेट तुला एखादी रात्र ऊब देईल. म्हणजे शेवटी कुठेतरी एक माणूस हवा, ज्याला तुझी वाट माहीत आहे आणि कधी ओरडायचं तेही माहीत आहे. त्याचं वजन तुझ्या पाठीवर नाही. तुझ्यासारख्या टूथब्रशचा दांडा कापून नेणाऱ्या मुलीला याहून हलकं काय मिळेल?

कागद मला दे. वाट, मुक्काम, मागे फिरायची जागा, आणि घंटेची वेळ. वेळ तू ठरव, मी घासाघीस करणार नाही. त्याआधी मी कुणालाही फोन करणार नाही. त्यानंतर एक मिनिट थांबणार नाही.

माझ्यावर विश्वास नसेल तर कागद आईकडे दे, मी विचारणारसुद्धा नाही. पण तसं झालं तर मला वाईट वाटेल. खूप वाटेल. तू डोंगरात जातेस याची मला भीती नाही गं, तू चांगली आहेस त्यात, मला ठाऊक आहे. या घराच्या फोनवर तुझा आवाज दुसऱ्या खोलीतून ऐकायचा आणि आपण पेपर वाचतोय असं दाखवायचं, हे आता होत नाही.

बाबा


२ मे

अवंती,

कागद आला. मी तो उभ्यानेच वाचला.

"मंगळवार २० मे, संध्याकाळपर्यंत खाली येईन. नाही आले तर काळजी करा, पण फोन करू नका. घंटा गुरुवारी दुपारी बारा वाजता. त्याआधी एकही फोन कुणाला केलात, तर पुढच्या वेळी कागद आईलाही मिळणार नाही."

मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार दुपार. एवढं अंतर का, असा प्रश्न तोंडावर आला होता. घासाघीस करणार नाही असं म्हटलंय, म्हणून गिळला. मग तुझ्या आईनेच विचारलं, आणि मी तिला समजावताना मलाही समजलं. हवा बिघडली तर तू कापडाखाली गुपचूप बसून राहावंस, खाली लोक घाबरले असतील म्हणून ओल्या दगडांवरून पळत सुटू नयेस, त्याची ही सोय आहे. पळतानाच माणसं पडतात.

तुझ्या आईचा चेहरा मात्र अजिबात चिंतेत नाही. "आपली पोर हुशार आहे," म्हणाली आणि लोणच्याच्या कैऱ्या चिरायला बसली. तुझी ती वेळ पाळणं मला जमणार का, असं विचारत होती. म्हणजे काळजी माझीच.

माझा रिफायनरीतला पितळी बिल्ला शोधून काढला. मागच्या कोऱ्या बाजूवर खिळ्याने तुझं नाव कोरलं. आत जाणारा आपला बिल्ला टाकीबाहेरच्या खिळ्यावर अडकवून जातो आणि बाहेर आला की स्वतःच्या हाताने काढतो. दुसऱ्याने काढायचा नाही, कितीही खात्री असली तरी. खिळ्यावर बिल्ला आहे तोवर आत माणूस आहे. तुझ्या वतीने तो मी अडकवणार, हे नियमात बसत नाही, चालवून घे. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी कॅलेंडरचा खिळा आहे, तिथे. कॅलेंडर फ्रिजवर गेलं म्हणून तुझ्या आईची कुरकुर चालू आहे.

दोरीला गाठ मारताना शेवट मोकळा सोड, म्हणजे गारठलेल्या हातांनीही ओढून सुटते. गाठी मी गच्चीवर पन्नासदा बांधून पाहिल्या आहेत.

संभाळून जा.

बाबा


२१ मे, बुधवार, सकाळ

अवंती,

हे पत्र तुला पोचेल तेव्हा तू खाली असशील, म्हणून निर्धास्त लिहितो.

काल संध्याकाळी फोन आला नाही.

मी जेवलो. खोटं कशाला सांगू, पोळी पानात फिरवत बसलो. टीव्हीवर म्हणाले, कुमाऊंच्या वरच्या भागात पाऊस आणि उंचावर बर्फ. इथे अंगाची लाही होते आहे आणि तिथे बर्फ. मी कागद काढून पाहिला. घंटा उद्या बारा वाजता. ज्यांना फोन करायचे त्यांचे नंबर बिल्ल्याखाली चिकटवून ठेवले आहेत, उद्यासाठी.

हार्दिकभाई बातमी ऐकून आले. "काका, मारो साढू देहरादूनमां छे. एक फोन करी दउं? कोईने खबर नहीं पडे." मी म्हटलं, भाई, मला खबर पडेल. ते बराच वेळ माझ्याजवळ बसले आणि क्रिकेटबद्दल बोलत राहिले. चांगला माणूस आहे.


बुधवार, संध्याकाळ

तुझी आई सकाळपासून लोणच्याच्या त्याच बरण्या पुन्हा पुन्हा पुसत होती. चारच्या चहाला साखर घालायची विसरली तेव्हा मी ओळखलं. मग एकदम म्हणाली, "अहो, एक फोन करा ने."

"उद्या बारा वाजता."

"पोलिसांना नका करू. त्या गेस्ट हाउसला करा. नुसतं विचारा."

"नलू, तेसुद्धा नाही."

"गेल्या वर्षी सगळं जग उठवलंत! तेव्हा कुणाचं ऐकलं नाही. आता काय दगड झालात?" आणि ती रडायला लागली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घर मी डोक्यावर घ्यायचं आणि तिने मला शांत करायचं, अशीच आमची वाटणी आहे. हे उलटं झालेलं मला कसं सांभाळायचं ते कळेना. फोन हातात होता. खरं सांगतो, नंबर दाबायला अंगठा वळवळत होता.

मी तिला बिल्ल्यापाशी घेऊन गेलो. म्हटलं, हवा वाईट आहे, म्हणून आपली पोर कुठेतरी कापड ताणून बसली आहे. वारा येतो ती बाजू जमिनीला टेकवलेली आहे. बंद तू शिवलेले नाहीत तिच्या तार्पला, पण तसेच आहेत, चित्रात मी पाहिले आहेत. तिला माहीत आहे की उद्या दुपारपर्यंत खाली कुणी आरडाओरडा करणार नाही, म्हणून ती निवांत बसली आहे. आपण आता फोन केला तर तिचं ते छप्पर आपणच काढून घेतलं असं होईल.

तिने डोळे पुसले. म्हणाली, "आणि उद्या बारा वाजले तर?"

"तर मी असा ओरडेन की दिल्लीला ऐकू जाईल."

मग आम्ही दोघं स्वयंपाकघरातच खुर्च्या टाकून बसलो. मला रडू आलं, ते तिने पाहिलं. भीती कमी झाली नाही, पण दोघांत वाटली गेली.


गुरुवार, २२ मे

साडेनऊला तुझा फोन आला. आईच्या नंबरवर नाही, माझ्या.

"बाबा? बाहेर आले."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. सुचलं ते काय, तर "आवाज घोगरा का?" तू म्हणालीस, थंडी. खिंडीच्या अलीकडे बर्फ लागलं, खिंड केली नाही, मागे फिरलीस, आणि मग पाऊस कोसळला तेव्हा दोन दिवस एका मोठ्या दगडाच्या आडोशाला कापडाखाली बसून काढलेस. चंदेरी ब्लँकेट खोळीच्या आत गुंडाळलंस. गाठी सुटल्या नाहीत. ऑक्टोबरात पुन्हा जाणार. जा. कागद मात्र वेळेत पाठव.

तू सगळं सांगितलंस, पण मी एकच धरून बसलो आहे. मी विचारलं, घाबरली नव्हतीस? तू म्हणालीस, "मंगळवारी संध्याकाळी वाटलं, निसटून उतरावं. मग म्हटलं, बाबा गुरुवारी बारापर्यंत थांबणार आहेत. झोपले मग."

झोपलीस! आणि आम्ही इथे खुर्च्यांवर बसून होतो. पण अवंती, माझ्या भरवशावर कुणी असं झोपलं, याहून मोठं बक्षीस मला सेफ्टी खात्यात कधी मिळालं नाही.

मग आईने फोन हिसकावून घेतला आणि पुढचा अर्धा तास मला मिळाला नाही. हार्दिकभाईंनी खाली जाऊन सगळ्यांसाठी जलेबी-फाफडा आणला. फोन ठेवल्यावर तुझी आई हसत हसत उठली आणि बिल्ल्याला हात घातला. मी तिचा हात धरला. म्हटलं, नियम आहे. आत गेला त्यानेच काढायचा, कितीही खात्री असली तरी.

तर तो अजून खिळ्यावरच आहे. कॅलेंडर फ्रिजवर, आणि त्यापायी कुरकुर चालूच. येऊन काढून जा.

बाबा